जळगावला बी.एस्सी. करून यीस्टपासून वनस्पतींची औषधं बनवण्याच्या क्षेत्रात जाता येईल का? कोणता कोर्स करावा?

जाता येतं. यीस्ट म्हणजे साखरेवर वाढणारी सूक्ष्म बुरशी, तिच्यात वनस्पतीचे जीन घातले की ती वनस्पतीतला पदार्थ बनवू शकते. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नाखालच्या ओळीमुळे: "आमच्याकडे यीस्ट म्हणजे डिस्टिलरी, खरं काम पुण्या-मुंबईतच." जवळपास हेच वाक्य मला एका मुलाखतीत ऐकवलं गेलं होतं. तेव्हाही ते चूक होतं, आजही आहे.

एम.एस्सी. झाल्यावर मी तापीकाठच्या एका डिस्टिलरीत, म्हणजे मळीपासून अल्कोहोल करणाऱ्या कारखान्यात, शिफ्ट केमिस्ट म्हणून लागलो. मे महिना होता. बाहेर पंचेचाळीसच्या घरात पारा, आणि कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट. मळी पातळ करून टाकीत सोडली की यीस्ट अल्कोहोल करतं आणि उष्णताही सोडतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती उष्णता काढायला टाकीतला माल पंपाने कूलरमधून सारखा फिरवावा लागतो. एका दुपारी तो पंप ट्रिप झाला. तापमान ३४ वरून ३५, मग ३६. मी इलेक्ट्रिशियनला फोन लावत होतो. आमचे ऑपरेटर शहाद्याकडचे, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, शाळा अर्ध्यात सुटलेली. त्यांनी टाकीच्या पत्र्याला तळहात लावला, शिडी चढून फेस बघितला आणि वरूनच ओरडले, "भाऊ, येले गरम व्हई ऱ्हायनं. पहिले मळी बंद कर!"

मळी बंद केली. नवी साखर मिळेना तसा यीस्टचा जोर ओसरला आणि तापमान तिथेच अडकलं. पंप सुरू व्हायला बराच वेळ गेला. मग नमुना काढून मिथिलीन ब्लू घातलं आणि मायक्रोस्कोपखाली धरला. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत बिनरंगी राहतात. निळ्या अगदी तुरळक होत्या. टाकी वाचली होती. यीस्टला किती आणि कधी खायला घालायचं यावर त्याची उष्णता, त्याला लागणारी हवा आणि त्याचं उत्पादन ठरतं, हे मी आप्पांकडून शिकलो.

पुढे एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत मुलाखतीला गेलो. यीस्टमध्ये वनस्पतींचे जीन घालायचा प्रकल्प होता. मी हाच प्रसंग सांगायला लागलो, तर पॅनेलवरचे एक साहेब मध्येच थांबवून म्हणाले, "ते दारूचं काम झालं. आम्हाला क्लोनिंग येणारा माणूस हवाय." क्लोनिंग म्हणजे जीन कापून दुसरीकडे बसवण्याचं काम. झालं, मुलाखत संपली. त्यांच्यासमोर बसून मला जे नीट मांडता आलं नाही ते इथे मांडतो, कारण तुमच्याही डोक्यात तोच समज कुणीतरी भरलाय.

या क्षेत्रातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आर्टेमिसिनिनचं. मलेरियावरचं हे औषध आर्टेमिसिया ॲनुआ या झाडातून काढतात. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात ‘जे कीसलिंग’ नावाच्या शास्त्रज्ञाच्या गटाने त्याच्या आधीचा पदार्थ, आर्टेमिसिनिक ॲसिड, यीस्टकडून करून घेतला. लिटरमागे सुमारे १०० मिलिग्रॅम. २०१३ मध्ये ॲमिरिस कंपनीच्या लोकांनी तो आकडा २५ ग्रॅमवर नेला. म्हणजे अडीचशे पट. यात जीनचा वाटा मोठा होता, नाकारत नाही: झाडातली आणखी एंझाइम्स (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) सापडली, ती घातली, यीस्टचा स्ट्रेन, म्हणजे वाण, बदलला. पण तेवढ्याने २५ ग्रॅम झाले नाहीत. खाद्य कसं सोडायचं ते बदललं, खाद्यात इथेनॉल दिलं, तयार झालेला माल वर तेलकट थर ठेवून त्यात ओढून घेतला. हे टाकीवरचं काम आहे. शिवाय अल्कोहोल करायला यीस्टला हवा लागत नाही, असल्या पदार्थांना मात्र भरपूर लागते. आणि हवा मिळाली की तेवढ्याच साखरेतून उष्णता कितीतरी जास्त निघते. म्हणजे आमच्या टाकीवर आप्पांनी जे सांभाळलं, तेच इथे जास्त कडक सांभाळावं लागतं.

आणि एवढं करूनही पुढे काय झालं? सनोफी या औषध कंपनीने इटलीत गारेसिओला यीस्टवर आधारित आर्टेमिसिनिनचा कारखाना चालू केला. तोवर शेतातल्या आर्टेमिसिनिनचा भाव उतरून किलोला अडीचशे डॉलरच्या खाली आला. यीस्टवाल्याचा साडेतीनशे ते चारशे. २०१५ मध्ये त्या कारखान्याने एक किलोही काढला नाही. जीन उत्तम बसले होते, माल बाजारभावात बसला नाही.

दुसरं उदाहरण आपल्या दारातल्या सदाफुलीचं. कॅन्सरवरचं विनब्लास्टिन तिच्या पानांतून येतं, आणि एका ग्रॅमसाठी पाचशे किलोच्या वर वाळलेली पानं लागतात. २०२२ मध्ये यीस्टमध्ये बाहेरचे ३४ जीन घालून, एकूण ५६ जनुकीय बदल करून त्याचे दोन अर्धे भाग, कॅथरँथिन आणि विंडोलिन, तयार केले गेले. ते नंतर रसायनशाळेत जोडतात. अफाट काम आहे, माझा त्याला मनापासून सलाम. पण तेव्हा लिटरमागे एक मिलिग्रॅमही भरला नाही. मायक्रोग्रॅमपासून ग्रॅमपर्यंत जाण्याचा रस्ता अजून पुढेच आहे, आणि तो फक्त क्लोनिंग येणाऱ्या माणसांकडून कापला जाणार नाही.

आता तुमचा कोर्स. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक किंवा बायोकेमिकल इंजिनिअरिंग, काहीही चालेल. फक्त जिथे फर्मेंटर, म्हणजे यीस्ट वाढवायची नियंत्रित टाकी, काचेच्या कपाटामागे ठेवलेला नाही, मुलांच्या हाताखाली चालतो, अशा ठिकाणी जा. प्रवेश घेण्याआधी तिथल्या मुलांना हे विचारा. उन्हाळ्यात यीस्ट वाढवायच्या प्लेटा साध्या इन्क्युबेटरमध्ये ठेवू नका, तो फक्त तापवतो. यीस्टला तीस अंश लागतात, आपल्याकडे खोलीच चाळीसला जाते. गार करणारा बी.ओ.डी. इन्क्युबेटर मागून घ्या, विभागात असतोच, बहुतेक वेळा कुलपात.

एक सांगायचं राहिलं. जनुकीय बदल केलेलं यीस्ट कुठल्याही डिस्टिलरीत नेऊन वाढवता येत नाही. त्याला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपासून वरपर्यंत परवानग्या लागतात. आणि जीन घालण्याचं काम खोलात शिकायचं असेल तर पीएच.डी.साठी बाहेर पडावं लागेलच, पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) म्हणा, मुंबईची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) म्हणा. त्यासाठी गेट किंवा डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बी.ई.टी. ही परीक्षा द्या. म्हणजे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पण आधी इथे सुट्टीत डिस्टिलरीच्या लॅबमध्ये ट्रेनिंग मागा आणि जमेल तेवढा वेळ ऑपरेटरसोबत काढा, केमिस्टसोबत कमी. मुलाखतीत त्यावरून कुणी नाक मुरडलं, तर त्यांनाच विचारा, कूलिंग बंद पडल्यावर आधी काय बंद करायचं. उत्तर आलं नाही तर तिथली नोकरी घेऊ नका, तो प्रकल्प प्रयोगशाळेतल्या फ्लास्कच्या पुढे जाणार नाही.

आणि ट्रेनिंगला मे महिन्यातच जा. डिसेंबरात टाकी सांभाळणं कुणालाही जमतं.