दादर येईपर्यंत पुस्तक

डोंबिवलीहून रोज फोर्टला नोकरीसाठी जाणाऱ्या, चाळिशीतल्या एक बाई समुपदेशनाला आल्या होत्या. कॉलेजात आठवड्याला एक कादंबरी संपायची, आता वर्षभरात एकही नाही. १ जानेवारीला त्यांनी ‘रोज रात्री ५० पानं’ असं ठरवलं होतं. तिसऱ्याच पानावर डोळे मिटायचे. “मी आळशी झालेय का हो?” त्यांनी विचारलं.

हा आळस नव्हे. ओटा आवरून साडेदहाला आडवं झाल्यावर चारशे पानी कादंबरी कोणालाही झोपच आणेल. चुकली होती ती वेळ आणि पानांचा आकडा.

आधी त्यांनी आठवडाभर दिवसाची नोंद ठेवली, अर्ध्या-अर्ध्या तासाची. शोधायचं एकच होतं: रोज ठरावीक वेळी आपण बसलेलो असतो आणि हात मोकळे असतात, असं कधी होतं? सकाळच्या गाडीत उभं राहायलाच जेमतेम जागा, तिथे आग्रह धरण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी मात्र सीएसएमटीहून सुटणाऱ्या धीम्या लोकलमध्ये खिडकी मिळायची आणि बसल्या बसल्या मोबाइल हातात यायचा. दादरला मैत्रीण चढली की गप्पा सुरू. मधला साधारण पाव तास पुस्तकासाठी पक्का केला. पर्समध्ये दीडशे पानांच्या आतला कथासंग्रह वर, मोबाइल खालच्या चेनच्या कप्प्यात. हा क्रम उलटा झाला की हात सवयीने मोबाइलकडेच जातो.

पाव तासात सहा-सात पानं होत. कथा संपवून नव्हे, उत्सुकता ताणलेली असताना खूण घालायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुस्तक आपणहून उघडावंसं वाटतं. तीस पानांत मन रमलं नाही तर पुस्तक वाचनालयात परत. अर्धवट सोडल्याची टोचणी बाळगणारे पुढचं पुस्तक हातातच घेत नाहीत, हे फार वेळा दिसतं.

गाडं अडलं ते रविवारी. गाडी नाही म्हणून वाचन नाही, आणि सोमवारीही पुस्तक घरीच राहिलं. सवय एखाद्या ठरावीक खुणेला, इथे संध्याकाळच्या गाडीला, बांधलेली असते; खूण गेली की सवयही सुटते. म्हणून सुट्टीसाठी वेगळी खूण ठरवली: दुसरा चहा, आणि फक्त तीन पानं. चुकलेल्या दिवसाची पानं दुसऱ्या दिवशी भरून काढायची नाहीत, हेही ठरलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते, कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला होता. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नव्हतं. हे ऐकून बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

तीन महिन्यांत तीन छोटी पुस्तकं झाली. आता रात्रीही वाचू का, असं त्या विचारत होत्या. जरूर वाचा, पण ती पानं मोजू नका.