स्टेशनरीत ‘ई’ की ‘ए’?

तुमचा प्रश्न असा: ऑफिससाठी वह्या-पेनांची ऑर्डर ईमेलने पाठवताना तुम्ही ‘स्टेशनरी’च्या शेवटी ए-आर-वाय लिहिलंत. कॉम्प्युटरने लाल रेघ मारली नाही, पण साहेबांनी टोकलं. चूक कोणाची?

चूक तुमचीच. कॉम्प्युटर गप्प बसला, कारण इंग्रजीत दोन्ही शब्द आहेत. ए-आर-वायवाला म्हणजे एका जागी थांबलेला. मशीद आणि सीएसएमटीच्या मधे सिग्नलला खोळंबलेली लोकल, ती ‘ए’वाली. वह्या, पाकिटं, पेनं ‘ई’वाली. उच्चार बहुतेक सगळे सारखाच करतात, तेव्हा इथे कान कामाचा नाही.

गंमत म्हणजे हे दोन्ही शब्द मुळात भाऊच. लॅटिनमधल्या ‘स्तातिओ’चा अर्थ उभं राहणं, उभं राहायची जागा. मध्ययुगीन युरोपात फिरते विक्रेते पुष्कळ. त्यांच्यापेक्षा वेगळा, विद्यापीठाजवळ कायमचं दुकान थाटून बसलेला पुस्तकवाला, तो ‘स्टेशनर’. लंडनमध्ये या मंडळींचा संघ १४०३ सालचा, आणि १५५७ मध्ये त्याला राजसनदही मिळाली. थोडक्यात, फेरीवाला नव्हे, गाळेवाला. अब्दुल रेहमान स्ट्रीटवर घाऊक वह्या घ्यायला गेलात, तर गाळ्यातला शेठ स्टेशनर; बाहेर दहाला चार पेनं ओरडणारा व्युत्पत्तीच्या हिशेबाने नाही.

आता स्पेलिंग. बेकरची बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. मधला ‘ई’ दुकानदाराकडून आलाय. शाळेत ‘एन्व्हलपचा ई’ असं घोकून घेतात, पण मला बेकरी बरी वाटते, तिच्यात कारण आहे. (आपल्याकडे पाटीवर स्टेशनरीशेजारी ‘कटलरी’ असते आणि आत सुऱ्या-काटे नाही, टिकल्या-पिना मिळतात. ते पुन्हा कधीतरी.)

अशीच दुसरी जोडी ‘प्रिन्सिपल’ची. कर्जाची मुद्दल आणि कॉलेजचे प्राचार्य दोघेही शेवटी ए-एल. तत्त्व तेवढं एल-ई.

आणि हे इंग्रजीचंच दुखणं नाही. दर मार्चला आमच्या नाक्यावर ‘जागतिक महिला दीन’ असा बॅनर लागतो. बोलताना ‘दिन’ आणि ‘दीन’ आपण सारखेच म्हणतो, पण कागदावर दिवसाचा बिचारा होतो. मी मंडळाच्या पोरांना दोनदा सांगितलं. यंदा त्यांनी ‘दीन’ काढून ‘डे’ छापलंय.