स्टेंट बसवला, तरी क्लेम का नाकारला?

प्रश्न : छातीत दुखू लागल्याने मोठ्या भावाची तातडीने अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. त्याची क्रिटिकल इलनेस पॉलिसी (यादीतला गंभीर आजार झाला की ठरलेली रक्कम देणारी) चार वर्षं चालू आहे. ‘व्याख्येत बसत नाही’ म्हणून कंपनीने क्लेम नाकारला. हृदयविकार तर यादीत आहे ना?

उत्तर : यादीत सरसकट ‘हृदयविकार’ सहसा नसतो. हार्ट अटॅक, बायपास, झडपेची शस्त्रक्रिया, महाधमनीची शस्त्रक्रिया अशा ठरावीक बाबी असतात आणि प्रत्येकीखाली व्याख्या असते. बहुतेक पॉलिसींत बायपास म्हणजे छाती उघडून किंवा छोट्या छेदातून केलेली बायपासची शस्त्रक्रियाच. मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून बसवलेला स्टेंट त्यात धरत नाहीत. काही पॉलिसी अँजिओप्लास्टीसाठी विमा रकमेचा थोडा भाग देतात. ती ओळ वेगळी असते, ती आधी शोधा.

पण खरा प्रश्न स्टेंट का बसवावा लागला, हा आहे. अटॅक आला असेल तर क्लेम हार्ट अटॅकखाली करायचा, मग उपचार कोणताही झालेला असो. बरेच जण ‘अँजिओप्लास्टी’ लिहून अर्ज भरतात आणि तिथेच फसतात.

अटॅकसाठी साधारण तीन पुरावे मागतात : छातीत दुखण्यासारखी लक्षणं, ईसीजीत नव्याने झालेले बदल आणि रक्तात वाढलेलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन). रक्तवाहिनी अरुंद झाली, पण हृदयाचा स्नायू मेला नाही, तर तो अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारं दुखणं. त्यात ट्रोपोनिन वाढत नाही आणि क्लेमही मिळत नाही. आणखी एक मेख : स्टेंट बसवल्यानंतर प्रक्रियेमुळेच ट्रोपोनिन थोडं वाढू शकतं, आणि अनेक पॉलिसी ती वाढ धरत नाहीत. म्हणून प्रक्रियेच्या आधी घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट मोलाचा.

डिस्चार्ज समरीत नुसतं ‘एसीएस’ (अक्यूट कोरोनरी सिंड्रोम) लिहिलेलं असेल, तर घोळ तिथूनच सुरू होतो. त्यात अटॅक आणि अस्थिर अंजायना (अचानक बळावलेला, पण स्नायू न मेलेला) दोन्ही येतात. नेमकं निदान काय होतं, ते हृदयरोगतज्ज्ञांकडून लेखी घ्या. सोबत केस पेपर, वेळ छापलेले सगळे ईसीजी आणि ट्रोपोनिनचे रिपोर्ट जोडा. नकाराचं पत्र कोणत्या कलमाखाली आहे ते पाहून, त्याच कलमाला उत्तर देणारा फेरविचार अर्ज कंपनीच्या तक्रार विभागाकडे द्या. ट्रोपोनिन खरोखरच वाढलं नसेल, तर मात्र हा खटाटोप फळणार नाही.

प्रश्न : मला बीपीची गोळी चालू आहे. पॉलिसी घेताना सांगितलं नाही तर चालेल?

उत्तर : नाही. क्लेमच्या वेळी जुनी प्रिस्क्रिप्शनं तपासली जातात आणि लपवलेल्या बीपीवरून मोठा क्लेम अडकू शकतो. बीपी ताब्यात असेल तर अनेकदा हप्ता वाढवून पॉलिसी देतात, कधी हृदयाशी संबंधित बाबी वगळून. घेतानाच दोन मुदती वाचा. पहिली, पॉलिसी सुरू झाल्यानंतरचा प्रतीक्षा काळ. तो बहुधा ९० दिवसांचा असतो. त्यात आलेल्या अटॅकचे पैसे मिळत नाहीत. दुसरी, क्लेम मिळण्यासाठी निदानानंतर रुग्ण जितके दिवस हयात असावा लागतो, ती मुदत. ती अनेकदा १४ ते ३० दिवसांची असते.