हाफ-वेव्ह व्हर्टिकलला (अर्ध्या तरंगलांबीची उभी अँटेना) रेडियल (पायाशी जमिनीवर पसरायच्या तारा) लागत नाहीत, मग मॅचिंगला (अँटेनाचा रोध रेडिओशी जुळवायला) ४९:१ ट्रान्सफॉर्मर घ्यावा की कॉइल-कपॅसिटर?

४९:१ घ्या. एकाच बँडवर राहणार असाल तर कॉइल-कपॅसिटरही चालेल. पण प्रश्नातलं ते पहिलं वाक्य वाचून हात शिवशिवले.

हेच वाक्य मला एका सीनियर हॅमने (हौशी रेडिओवाल्याने) ऐकवलं होतं आणि वर म्हणाले होते, "म्हणजे काहीच लागत नाही." मी ऐकलं. २० मीटर बँडसाठी फायबरग्लासच्या खांबावर १० मीटरची वायर उभी चढवली, टोरॉइडवर (फेराइटच्या कडीवर) २ आणि १४ वेढे, म्हणजे ४९:१ ट्रान्सफॉर्मर, खाली रेडिओपर्यंत कोॲक्स केबल. एसडब्ल्यूआर (जुळणी किती चांगली ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) १.३! स्वारी खूश. रात्री १०० वॅटवर बोलायला लागलो तर माइकची जाळी ओठाला चावली. कॉम्प्युटरचे स्पीकर गुरगुरू लागले. कोॲक्स हातात धरला की एसडब्ल्यूआर मीटरचा काटा हलायचा. महाशयांचं निदान: "तुझं सोल्डरिंग कच्चं." तीनदा उकलून पुन्हा केलं. मग रिग (रेडिओ) दुसऱ्या खोलीत नेला, कोॲक्स १० मीटर वाढवला, आणि एसडब्ल्यूआर २.४ झाला. मॅच झालेल्या फीडलाइनची (म्हणजे कोॲक्सची) लांबी बदलून एवढा फरक पडत नाही. तेव्हा कळलं, कोॲक्सच अँटेना झालाय.

अँटेनाच्या टोकाला २५०० ओहम धरले तर १०० वॅटला करंट ०.२ अँपिअर. कमी आहे, शून्य नाही. त्याला परतीची वाट दिली नाहीत तर तो कोॲक्सच्या जाळीवरून थेट तुमच्या टेबलावर येतो. ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंडकडच्या टोकाला मीटरभर वायर आणि लगेच खाली कोॲक्सवर चोक (जाळीच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा), एवढ्यावर माझे चटके थांबले. करंट सर्वांत जास्त वायरच्या मध्यावर असतो, म्हणून जमिनीवर तारांचं जाळं पसरावं लागत नाही. 'रेडियल नकोत'चा अर्थ तेवढाच.

कॉइल-कपॅसिटरच करणार असाल तर कपॅसिटर दणकट घ्या. तिथे ५०० व्होल्ट आरएमएस असतात, म्हणजे शिखराला ७००. जुन्या रिसीव्हरमधला व्हेरिएबल कपॅसिटर ठिणग्या टाकेल.

हां, २५०० हा आकडा दगडावरची रेघ नाही, वायरची जाडी आणि आजूबाजूच्या वस्तूंनी बदलतो. आणि ४३ मटेरियलच्या (फेराइटचा एक प्रकार) एकाच टोरॉइडवर एफटी८ला (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल मोड) सलग १०० वॅट देऊ नका, तापतो.

महाशय अजूनही चोकला 'फॅड' म्हणतात. ते ट्रान्समिट करतात तेव्हा त्यांच्या टेबलावरचा एलईडी दिवा लुकलुकतो.