सांगलीची हळद रोज खाल्ल्याने कर्करोग टळतो, हे रक्तातील प्रथिनांच्या तपासणीवरून सिद्ध होते का?

नाही, सिद्ध होत नाही. मात्र आहाराचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा माग त्या तपासणीतून लागतो. गाठ तयार व्हायला अनेक वर्षे लागतात, त्यामुळे संशोधक आहार बदलण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या नमुन्यांतील शेकडो प्रथिने मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राने एकाच वेळी मोजून दाहाशी (कर्करोगाला पोषक ठरू शकणाऱ्या शरीरातील सुजेशी) निगडित प्रथिने घटली का, हे पाहतात. हा संकेत मोलाचा असला तरी तो पुरावा नव्हे. हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य प्रयोगशाळेतील पेशींत दाह पेटता ठेवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला आवर घालते, पण खाल्ल्यावर आतडे व यकृत त्याचे झपाट्याने रूपांतर करत असल्याने रक्तात ते फारच थोडे पोहोचते. आमटीतली चिमूटभर हळद खुशाल खावी. कर्करोगावर उपचार चालू असल्यास कर्क्युमिनच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.