कला महाविद्यालयात न जाता चित्रकार म्हणून आपली वाट कशी सापडेल?

नोकरी सांभाळून तुम्ही स्वतःच चित्रं काढायला शिकलात, पण दर महिन्याला शैली बदलते आणि ‘हे माझं’ असं काही वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे वाचून मला चित्रकार के. एच. आरा आठवले. सिकंदराबादजवळच्या बोलारममध्ये जन्मलेला हा मुलगा लहानपणीच मुंबईत आला, लोकांच्या घरी कामाला राहिला, गाड्या धुतल्या. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाचा विद्यार्थी तो कधीच नव्हता. तरीही 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट उभा करणाऱ्या सहा जणांत सूझा, रझा, हुसेन यांच्या बरोबरीने आरा होते.

त्यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली. फुलदाणी, फळं, भांडी असे साधे विषय त्यांनी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा रंगवले. म्हणून शैली शोधू नका, एक विषय धरा. घरातला स्टोव्ह चालेल, खिडकीतली तुळस चालेल. त्याचीच तीस-चाळीस चित्रं काढा, स्वस्त कागदावर, कोळशाने, मग रंगात. पंधराव्या-विसाव्या चित्रानंतर हात काही गोष्टी आपोआप गाळू लागतो, काही ठसठशीत करतो. तिथे तुम्ही दिसायला लागता.

आणि एकटे राहू नका, हे मी कळकळीने सांगतोय. आरांनाही रुडी फॉन लायडनसारखा जाणकार समीक्षक भेटला होता. मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शन पाहायला जा, चित्रकार बहुतेकदा तिथेच बसलेला असतो. त्याला कागद, रंग, पोत याबद्दल बिनधास्त विचारा. पुढच्या वेळी स्वतःची वहीही घेऊन जा.