कर्सिव्हचा हट्ट किती धरायचा?

प्रश्न : नमस्कार ताई, माझी मुलगी दुसरीत आहे, इंग्लिश मीडियम. शाळेत पहिलीपासूनच कर्सिव्ह, म्हणजे जोडून लिहायचं इंग्रजी अक्षर, सक्तीचं आहे, रोज फोर लाईनच्या वहीत पानं भरून न्यायची, आणि पेपरात प्रिंटमध्ये लिहिलं तर उत्तर बरोबर असलं तरी मार्क कापतात. ती वाचते छान, तोंडी सगळं सांगते, पण ही वही काढली की रडारड सुरू. सासूबाई म्हणतात अक्षर वळणदार पाहिजेच, मिस्टर म्हणतात पुढे सगळं टाईपच करायचंय तर पोरीचा छळ कशाला. कर्सिव्ह आता शिकवायलाच पाहिजे का हो? – एक आई, ठाणे

उत्तर : शिकवावं, पण तिसरी-चौथीत शिकवावं, आणि त्यासाठी मार्क कापणं तर मला अजिबात मान्य नाही. बरोबर उत्तराला अर्धा मार्क मिळाला की त्या वयाच्या मुलाला एवढंच कळतं की आपल्याला येत नाही, नेमकं काय येत नाही ते कळत नाही.

तुमच्या घरात जो वाद चाललाय त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत असं मला वाटतं. हाताने लिहायचं की टाईप करायचं हा एक, आणि हाताने लिहायचं तर जोडून लिहायचं की सुटं हा दुसरा. पहिल्यावर माझं मत पक्कं आहे, लहान मुलांनी हातानेच लिहायला हवं. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स यांनी अजून वाचता न येणाऱ्या मुलांवर काम केलं, अक्षरं तीन प्रकारे करून घेतली, हाताने काढून, टाईप करून आणि नुसती गिरवून, आणि नंतर तीच अक्षरं बघताना मेंदूचे स्कॅन घेतले तर वाचताना जो भाग कामाला लागतो तो हाताने काढलेल्या अक्षरांना जास्त प्रतिसाद देत होता. 2012 मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण लक्षात घ्या, ती मुलं सुटी अक्षरं काढत होती! शाळा पालक सभेत सांगतात ना की कर्सिव्हने मेंदूचा विकास होतो वगैरे, त्यातला बराचसा आधार हा नुसत्या हाताने लिहिण्याचा असतो, जोडून लिहिण्याचा नाही. त्यामुळे सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे आणि मिस्टरांचं पण अर्धंच.

आता मुलीच्या बाजूने बघा. प्रिंटची 26 कॅपिटल, 26 स्मॉल, कर्सिव्हची परत 26 आणि 26, म्हणजे एका इंग्रजीसाठीच 104 आकार. त्याच वर्षांत मराठी, म्हणजे मुळाक्षरं, काना-मात्रा-वेलांटी, जोडाक्षरं, आणि बऱ्याच शाळांत हिंदीही. पुस्तकात सगळं छापील, वहीत सगळं जोडून. कर्सिव्हचे एफ, आर, एस, झेड हे छापील अक्षरासारखे दिसतसुद्धा नाहीत, कॅपिटल क्यू तर काही कित्त्यांमध्ये चक्क 2 सारखा असतो. ज्या मुलाचं अजून बी आणि डी पक्कं होतंय त्याला हे सगळं एकदम देणं म्हणजे भाकरी थापता येत नाही तोवर पुरणपोळी लाटायला बसवणं झालं.

आणि हे जोडून लिहिणं सुरू कशामुळे झालं? पिसाची लेखणी आणि नंतर टाक-दौत, दर अक्षराला उचलला की शाईचा ठिपका पडायचा, म्हणून शब्दभर हात उचलायचा नाही. पेन्सिल आणि बॉलपेनला ती अडचण नाही. हा, फ्रान्समध्ये पहिलीच्या वयातच कर्सिव्ह लिहितात आणि मुलांना जमतं, तेव्हा लहान मुलांना शक्यच नाही असं मी म्हणत नाही. पण तिथे तेच मुख्य हस्ताक्षर असतं आणि शिक्षक वर्गात वेळ देऊन हात कसा फिरतो ते दाखवतात. आपल्याकडे बऱ्याचदा होमवर्कला पान देतात आणि दुसऱ्या दिवशी लाल पेनने गोल करतात, मधलं शिकवणंच गायब. उलट टोकाला फिनलंडने 2016 पासूनच्या अभ्यासक्रमात जोडून लिहिणं बंधनकारक ठेवलं नाही, प्रिंट आणि कीबोर्डवर भर दिला. स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच भागांत जुनं पूर्ण जोडलेलं वळण सोडून अर्धवट जोडलेलं सोपं वळण घेतलं, सोयीचं तिथे जोडायचं नाहीतर सोडायचं. मला विचाराल तर हे शेवटचं सगळ्यात शहाणपणाचं. बऱ्याच मोठ्या माणसांचं चालू अक्षर बघा, असंच अर्धं जोडलेलं असतं.

घरी काय करायचं ते सांगते. पानं भरायची नाहीत, दहा मिनिटं बास, पण त्या दहा मिनिटांत तुम्ही शेजारी बसून तिचा हात बघायचा, झालेलं पान नाही. ए ते झेड या क्रमाने घेऊ नका, हात ज्या अक्षरांत सारखा फिरतो ती एकत्र घ्या, सी-ए-डी-जी-क्यू-ओ हा एक गट, आय-यू-टी दुसरा, एल-ई-एच-के तिसरा. खरी गोची होते ती बी, ओ, व्ही आणि डब्ल्यू या चार अक्षरांपाशी, कारण बाकीची खाली रेघेवर संपतात आणि ही चार वर संपतात, मग पुढचं अक्षर वरूनच सुरू करावं लागतं. मूल ओ नंतर आर किंवा एस काढताना अडलं की समजा कारण हे आहे, आळस नाही. हे जोड मुद्दाम वेगळे काढून दाखवले की रडणं बरंच कमी होतं, मी वर्गात हे पुष्कळ वेळा बघितलंय. पाय जमिनीला टेकतायत का बघा, खुर्ची उंच असेल तर पायाखाली पाट द्या. पेन्सिल घट्ट आवळून धरत असेल तर आधी ते सोडवा, अक्षर नंतर.

शाळेत भांडायला जाऊ नका, पण बाईंना भेटून स्पष्ट विचारा की उत्तराचे मार्क आणि अक्षराचा शेरा वेगळे ठेवता येतील का. चार पालक मिळून गेलात तर जास्त ऐकून घेतात.

आणि एक गोष्ट, घाबरवायला नाही सांगत. तोंडी अगदी हुशार पण प्रिंटमध्येसुद्धा लिहिताना हात दुखतो, अक्षरं रेघ सोडून पळतात, दोन ओळी लिहायला अर्धा तास, असं सातत्याने होत असेल तर तपासून घ्या. डिसग्राफिया नावाचा प्रकार असतो, दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये अध्ययन अक्षमतांमध्ये त्याचं नाव आहे आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. अशा मुलाला जास्त पानं लिहायला लावणं हा अन्याय आहे.

प्रश्न : ताई, आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. मुलगा थर्ड ग्रेडला, शाळेत आता कर्सिव्ह सुरू झालंय, नवीन कायदा आलाय म्हणे. रविवारी मराठी शाळेत देवनागरी लिहितोच आहे, त्यात ही भर. हे जुनं परत आणायची काय गरज होती? – एक बाबा

उत्तर : हो, तो कायदा 2023 मध्ये झाला आणि जानेवारी 2024 पासून लागू आहे. पहिली ते सहावीत हस्तलेखन शिकवताना योग्य त्या इयत्तांमध्ये कर्सिव्ह किंवा जोडलेलं इटॅलिक शिकवायचं. हे मांडणाऱ्या तिथल्या आमदार शॅरन क्वर्क-सिल्वा स्वतः आधी शिक्षिका होत्या. 2010 ला कॉमन कोअर, म्हणजे बऱ्याच राज्यांनी घेतलेली शाळेसाठीची सामायिक मानकं, आलं त्यात कर्सिव्ह नव्हतं, मग बऱ्याच शाळांनी सोडून दिलं, आणि परिणाम असा की बऱ्याच मुलांना आजीचं पत्र वाचता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला जुनी हस्तलिखितं वाचून टाईप करायला कर्सिव्ह येणारे स्वयंसेवक लागतात.

आपण तर हे जास्त मोठ्या प्रमाणात भोगलंय. मोडी हे आपलं हात न उचलता भरभर लिहायचं वळण, गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवायचे, नंतर छपाईला बाळबोध, म्हणजे देवनागरी, सोयीचं म्हणून मोडी गेली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत आणि वाचणारे मोजके. 2023 ला मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी जिल्ह्याजिल्ह्यात कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा जुने रेकॉर्ड वाचायला मोडी जाणणारी माणसं शोधावी लागली. लोकांचे दाखले, हक्क, सगळं त्या कागदात, आणि घरच्यांनाच आपल्या पणजोबाचं नाव त्यात वाचता येईना. मला हे मनापासून लागतं. मोडी पुन्हा पहिलीपासून सक्तीची करा असं मी म्हणणार नाही, पण एक पिढी लिहायची सोडते तेव्हा पुढची वाचायचीही सोडते, हे आपण बघितलंय.

म्हणून तुमच्या मुलाने कर्सिव्ह वाचायला शिकावंच, आणि स्वतःची पत्रं-नोंदी लिहिण्यापुरतं लिहायला. वाचायला शिकणं फार अवघड नाही, काही आठवडे रोज थोडं जुन्या हस्ताक्षरातलं काहीतरी समोर ठेवा, तुम्ही स्वतः त्याच्या डब्यात दोन ओळी कर्सिव्हमध्ये लिहून टाका, तो आपोआप वाचेल. देवनागरीशी याची टक्कर नाही, तिथे अक्षर सुटं काढून वर शिरोरेघ मारायची, हाताची सवयच वेगळी. फक्त दोन्हीचा सराव एका बैठकीत नको. आणि वेळ खरंच कमी पडत असेल तर घरच्या सरावातून मी कर्सिव्ह कमी करीन, देवनागरी नाही, कारण कर्सिव्ह शाळेत शिकवतील, देवनागरी तिथे तुमच्याशिवाय कोण शिकवणार?

प्रश्न : मुलगा डावखुरा आहे, कर्सिव्ह लिहिताना हाताने पुसलं जातं आणि मनगट वाकडं होतं. उजव्या हाताची सवय लावू का? – कोल्हापूर

उत्तर : नाही, हात बदलू नका. वही सरळ ठेवू नका, वरची बाजू उजवीकडे झुकेल अशी तिरकी ठेवा, म्हणजे मनगट ओळीच्या खाली राहतं आणि लिहिलेल्यावरून हात घासत जात नाही. पेन्सिल टोकापासून थोडी वर धरू द्या. अक्षरांचा उजवीकडे कल यायलाच हवा असा आग्रह नको, सरळ उभं किंवा किंचित डावीकडे झुकलेलं चालेल, आणि हे बाईंना आधीच सांगून ठेवा. बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवायला सांगा, शेजारच्याचं कोपर लागत नाही.